भूत जोलोकियाला हिंगासारखं वागवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गच्चीवरच्या कुंड्यांत भूत जोलोकियाची, म्हणजे आसाम-नागालँडकडच्या अतितिखट मिरचीची, चार झाडं लावली होती, डिसेंबरात जवळपास दोन किलो पिकलेल्या लाल मिरच्या निघाल्या. घरातल्यांनी एक मिरची भाजीत घातली आणि पातेलंभर भाजी फेकून द्यावी लागली. आता या मिरच्या वाळवून नेहमीच्या मिरचीबरोबर कांडप गिरणीत द्याव्यात का? लसणाबरोबर ठेचा करून, तेलात बुडवून बरणीत ठेवला तर वर्षभर टिकेल का?

दोन्ही प्रश्नांना उत्तर "नाही" असंच आहे. पण दोन्हींना चांगले पर्याय आहेत, आणि ते कळायला आधी या मिरचीकडे बघायची नजर बदलावी लागते.

खान्देशात मिरची नवीन नाही. नंदुरबारला हंगामात ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात, पथाऱ्यांवर ती वाळत पडते, घरोघरी वर्षाचं तिखट कांडून ठेवतात. त्यामुळे आपला हात मिरचीच्या बाबतीत सैल असतो. नेमका तोच सैल हात इथे नडतो. भूत जोलोकिया ही भाजीत मोजून घालायची मिरचीच नव्हे. तिला खड्या हिंगासारखं समजा. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की बाजारात तो डिंक आणि पीठ मिसळून, 'बांधणी हिंग' म्हणून विकतात, आणि आपण तोच चिमूटभर घालतो. या मिरचीलाही तशीच बांधणी करून घ्यायची. एकदा ती केली की बाकीचा स्वयंपाक नेहमीसारखाच.

आधी आकडे बघू. तिखटपणा मोजायचं स्कोव्हिल एकक 1912 सालचं आहे. विल्बर स्कोव्हिलने मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला आणि जिभेला तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पातळ करावा लागला, तो आकडा धरला. आता हे मोजमाप यंत्रावर होतं, पण नाव तेच राहिलं. ब्याडगी ढोबळमानाने 10 हजारांच्या आसपास, गुंटूरची तिखट जात 35 ते 40 हजार, आणि भूत जोलोकिया 10 लाखांच्या वर. 2007 साली गिनीजने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदवलं. पुढे कॅरोलिना रीपर आणि 2023 मध्ये पेपर एक्स यांनी तिला मागे टाकलं, पण आपल्या पातेल्याला त्याने काही फरक पडत नाही. आपल्या कामाचा आकडा 25 आहे. वाळलेली जोलोकिया 1 ग्रॅम म्हणजे तिखट लाल मिरची 25 ग्रॅम. ओली एक मिरची साधारण 6 ग्रॅमची, वाळली की पाऊण ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक ओली जोलोकिया घातली की सुमारे शंभर ग्रॅम तिखट हिरव्या मिरच्या घातल्यासारखं होतं. चार माणसांच्या भाजीत शंभर ग्रॅम लवंगी मिरची कोणी घालत नाही. पातेलं फेकावं लागलं ते त्यामुळे.

यात एक मेख आहे. हे आकडे आसाम-नागालँडच्या दमट हवेतल्या मिरचीचे. हीच जात ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत लावून पाहिली, तेव्हा तिचा तिखटपणा आसामच्या मिरचीच्या निम्म्याहूनही कमी भरला होता. आपल्याकडची हवाही कोरडीच. तेव्हा तुमच्या कुंडीतली मिरची पुस्तकातल्या आकड्याएवढी भरेलच असं नाही, आणि एकाच झाडाच्या दोन मिरच्यांतही फरक असतो. म्हणून सुरुवात पूर्ण ताकद धरूनच करायची आणि कमी पडलं तर वाढवायचं. उलट्या बाजूने सुरुवात केली तर परत येता येत नाही.

तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्याचा. ते असतं आतल्या पांढऱ्या गाभ्यात, ज्याला बिया चिकटलेल्या असतात. बिया स्वतः तिखट नसतात, गाभ्याला घासून त्यांना तिखटपणा लागतो. त्यामुळे नुसत्या बिया झटकल्या आणि पांढरी शीर तशीच ठेवली तर काहीच साधत नाही. अर्थात जोलोकियात सालीच्या आतल्या बाजूलाही ते बरंच असतं. साध्या मिरचीचा गाभा काढला की ती मवाळ होते, ही तेवढी होत नाही. दुसरी गोष्ट, कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात, तुपात विरघळतं. तिसरी, ते उकळून मरत नाही. भाजी आणखी अर्धा तास उकळली म्हणून ती मवाळ होणार नाही, उलट गाभ्यातलं उरलंसुरलं तेलात उतरेल. हात कसे धुवायचे, बरणीत काय ठेवायचं, शेवभाजीचा रस्सा का जाळतो, हे सगळं या तीन गोष्टींवरून कळतं.

हाताळणीत लोक सर्वाधिक चुकतात, म्हणून ते नीट सांगतो. नायट्राइलचे हातमोजे वापरा, औषधांच्या दुकानात मिळतात. पातळ प्लॅस्टिकचे ढगळ मोजे बोटावरून सरकतात आणि मनगटातून आत रस जातो. काम मोठं असेल तर दोन जोड चढवा आणि वरचा मध्येच बदला. मोजे काढताना उलटे करून काढा. मोजे घातलेल्या हाताने मोबाइल, नळाची चावी, फ्रिजचं हँडल धरू नका. आग नंतर तिथूनच डोळ्यात जाते. हाताला लागलंच तर पहिल्यांदा पाणी नको. कोरड्या हातावर चमचाभर गोडेतेल घेऊन नखांच्या कडांपर्यंत चोळा, कागदाने पुसा, मग भांडी घासायच्या साबणाने गार पाण्यात धुवा. हे दोन-तीन वेळा करा. गरम पाण्याने आग वाढते. बऱ्याचदा कापताना काहीच जाणवत नाही आणि तासाभराने बोटं पेटतात, तेव्हा "मला काही झालं नाही" म्हणून धुणं टाळू नका. मोज्यांवर भरवसा ठेवून त्याच दिवशी कॉन्टॅक्ट लेन्सला हात लावू नका. डोळ्यात गेलंच तर लेन्स काढून स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं सलग धुवायचं. तेल, दूध, तूप डोळ्यात घालू नका. तरी दिसायला धूसर राहिलं तर डॉक्टर गाठा.

तोंड पेटलं तर पाणी फक्त आग पसरवतं. सायीचं दूध किंवा घट्ट दही तोंडात धरून ठेवा, लगेच गिळू नका. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश कॅप्सेसिन धरून ठेवतात. पातळ ताक त्या मानाने कमी पडतं. चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा चघळला तरी उतार पडतो.

आता साठवण. दोन किलो ओल्या मिरच्यांतून वाळून अडीचशे ग्रॅमच्या आसपास माल हाती येईल. पुढे हिशेब दिला आहे, पण आत्ताच सांगतो, एवढ्यात दहा-बारा किलो ब्याडगी 'तिखट' करता येते. वर्षाला पाच किलो तिखट लागणाऱ्या घराला हे दोन वर्षांचं झालं, आणि वर्षानंतर मिरचीचा वास उतरतो. तेव्हा सगळं वाळवू नका. पाव किलोचं लोणचं किंवा आंबवण करा, उरलेल्यातलं निम्मं वाळवा आणि निम्मं फ्रीजरमध्ये टाका.

फ्रीजर ही या मिरचीची सर्वांत चांगली जागा. जोलोकियाला एक फळासारखा, लिंबाच्या सालीजवळ जाणारा वास असतो, तो वाळवताना बराच जातो आणि गोठवताना बराच राहतो. मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या पुसा, ताटात एकमेकींना न चिकटतील अशा पसरून उणे 18 अंशांच्या खणात रात्रभर ठेवा. मग एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही झाकणाच्या डब्यात. डबा नसेल तर बर्फाच्या ट्रेला आणि आइस्क्रीमला वास लागतो. अख्ख्याच गोठवा, चिरून नको. लागेल तेव्हा एक काढून, मोजे घालून, बारीक किसणीवर गोठलेलीच किसायची. हवी तेवढी किसून उरलेली परत आत. वितळलेली मिरची मऊ लिबलिबीत होते, तशी ती कापायला वाईट. वर्षभर सहज टिकतात. वीज बराच वेळ गेली आणि मिरच्या पूर्ण वितळल्या तर परत गोठवू नका, त्याच दिवशी त्यांचं लोणचं टाका. आठवड्या-दोन आठवड्यांत संपणार असतील तर न धुता कागदात गुंडाळून भाजीच्या खणात ठेवल्या तरी चालतं. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घाम सुटतो आणि डेठाकडून बुरशी धरते.

वाळवणाला डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे ऊन बरं असतं, पण रात्री दव पडतं. अख्खी मिरची वरून खडखडीत वाळलेली दिसते आणि आत डेठाजवळ ओल राहते. फोडून पाहिली की आत काळी-राखाडी बुरशी दिसते. असली मिरची 'तेवढा भाग काढून' वापरू नका. बुरशीची विषं कुटून किंवा शिजवून जात नाहीत. म्हणून डेठ काढा, उभी चिरून दोन फाका करा, आतली बाजू वर ठेवून जाळीवर किंवा सुती कापडावर पसरा आणि वरून पातळ मलमल टाका. थेट कडक उन्हात रंग उडून पांढरट डाग पडतात, बाजारात त्या मालाला फटकी म्हणतात. संध्याकाळी न चुकता घरात घ्या. फाका केल्या तर पाच-सहा दिवसांत होतात, अख्ख्या मिरचीला दहा-बारा दिवस लागतात. वाळवण्याचं यंत्र असेल तर 55 ते 60 अंशांवर आणि ते घराबाहेर ओट्यावर ठेवून. बंद खोलीत ठेवलं तर घरभर खोकला.

झाली की नाही हे बघायला मिरची वाकवा. वाकली तर ओली, मोडली तर झाली. पण खरी परीक्षा अशी: पाच-सहा फाका काचेच्या कोरड्या बाटलीत घालून झाकण लावा आणि बाटली तासभर उन्हात ठेवा. काचेला आतून वाफेचं धुकं आलं तर अजून दोन दिवस वाळवायचं. पाण्याचा अंश 10 टक्क्यांच्या खाली गेला पाहिजे, आणि घरी यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

कुटण्याचं काम. कांडप गिरणीत का नको? गिरणीतल्या उडत्या भुकटीत कॅप्सेसिन पंचवीस पट झालं की कांडणाऱ्या माणसाला श्वास घेणं कठीण होतं. शिवाय यंत्रात अडकलेली पूड तुमच्यानंतर येणाऱ्याच्या हळदीत किंवा मसाल्यात जाते. त्या घरात कोणी दमेकरी असेल, कोणी लहान पोर असेल. तेव्हा ब्याडगी गिरणीत कांडून आणा आणि जोलोकिया घरी मिक्सरमध्ये करा.

स्टीलचं छोटं भांडं घ्या, प्लॅस्टिकचं नको, त्यात वास आणि तिखट दोन्ही मुरतं. झाकणाची रबरी रिंग शक्य तर यासाठी वेगळी ठेवा, कारण धुऊनही तिच्यात तिखट राहतं आणि पुढे सोलकढीत उतरतं. काम अंगणात किंवा गच्चीवर करा, वाऱ्याकडे पाठ करून. तोंडाला घट्ट बसणारा मास्क, डोळ्याला चष्मा. 10 ग्रॅम वाळलेल्या मिरचीबरोबर 10 ग्रॅम खडेमीठ टाकून फिरवा. मिठामुळे मिरची लवकर फुटते आणि पूड कमी उडते. थांबत थांबत, पाच-सात वेळा. मग झाकण उघडायचं नाही. ओला फडका वर टाकून वीस मिनिटं तसंच राहू द्या. लगेच उघडलं की ढग थेट नाकात जातो, आणि या कामातली सर्वांत नेहमीची चूक हीच. भांडं नंतर मूठभर कच्चे तांदूळ फिरवून कोरडं करा, ते तांदूळ टाकून द्या, तेलाचा कागद फिरवा आणि मग साबण. उकळतं पाणी ओतू नका, वाफेबरोबर तिखट वर येतं.

आता बांधणी. 10 ग्रॅम जोलोकियाची पूड आणि 90 ग्रॅम ब्याडगीची पूड. मीठ घालून कुटलं असेल तर 20 ग्रॅम मिश्रण आणि 80 ग्रॅम ब्याडगी. नुसतं ढवळून चालत नाही. एका चमच्यात सगळी जोलोकिया आणि दुसऱ्यात नुसती ब्याडगी असं होतं. औषधवाले जसं मिसळतात तसं करा. 10 ग्रॅम जोलोकियात आधी 10 ग्रॅम ब्याडगी, एकजीव करून चाळा. त्या 20 मध्ये आणखी 20. त्या 40 मध्ये 40. मग उरलेली 20. प्रत्येक वेळी जेवढ्यास तेवढं घालत गेलं की शेवटच्या चमच्यापर्यंत तिखट सारखं येतं. ही पूड साधारण 1 लाख स्कोव्हिलची होते, म्हणजे आपल्या गुंटूर तिखटाच्या तिप्पट. चमचाभराऐवजी पाव चमचा घालायचा आणि चव घेऊन मग वाढवायचं.

वजन महत्त्वाचं आहे. स्वयंपाकघरातला काटा पाच ग्रॅमच्या खाली बेभरवशाचा असतो. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा घ्या, सराफांकडे असतो तसला, फार महाग नसतो. जळगाव सोन्याचं गाव. काटा कुठे मिळतो ते तिथे विचारावं लागणार नाही.

वर्षाचं तिखटच करायचं असेल तर 1 किलो ब्याडगीला 20 ग्रॅम जोलोकिया. हिशेब सोपा आहे: ब्याडगीचे 10 हजार आणि वरून आलेले साधारण 20 हजार, मिळून 30 हजारांच्या जवळ, म्हणजे गुंटूरच्या थोडं खाली. रंग ब्याडगीचा, तिखटपणा जोलोकियाचा. इथेही 20 मध्ये 20, 40 मध्ये 40 असंच वाढवत न्यायचं. सहा फेऱ्यांत किलो पुरा होतो.

पूड काचेच्या बाटलीत, अंधारात, गारव्याला. वैशाखात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेलं तिखट दोन महिन्यांत विटकरी होतं, कारण रंगाला उष्णता आणि उजेड दोन्ही सोसत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तर उत्तम, पण काढल्या काढल्या झाकण उघडू नका. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार पुडीवर हवेतलं पाणी बसतं आणि गाठी होतात. बारीक तपकिरी किडे इतक्या तिखट मिरचीलाही सोडत नाहीत. बाटली भरल्यावर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवली तर त्यांची अंडी मरतात. हिंगाचा खडा टाकायची आपली पद्धत आहे, तो टाका, पण त्याच्या भरवशावर ओलसर पूड भरू नका. बाटलीवर लाल पट्टी, ठळक नाव, मुलांच्या हाताच्या वर. चमचा वेगळा.

आता तेलातला लसूण-मिरचीचा ठेचा. हा प्रकार बाहेर, ओट्यावर, बरणीत ठेवू नका. ओला लसूण आणि ओली मिरची जमिनीशी संबंधित. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू त्यांच्यावर असू शकतात आणि साध्या उकळण्याने ते मरत नाहीत. वर तेलाचा थर दिला की हवा बंद होते, आणि त्यांना हवं असतं तेच. आंबटपणा नाही, मीठ बेताचं. विष तयार झालं तरी वास, रंग, चव बदलेलच असं नाही. मिरचीच्या तिखटपणाने जंतू मरतात हा समज इथे कामाचा नाही. असला ठेचा फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांत संपवा, किंवा छोट्या वड्या करून गोठवा. बर्फाचा ट्रे यासाठी एक वेगळा बाजूला काढा आणि त्याला खूण करा.

टिकवायचाच असेल तर सामू, म्हणजे आम्लतेचा आकडा, 4.6 च्या खाली न्यायला हवा. दोन वाटा आहेत. पहिली व्हिनेगरची: चिरलेली मिरची 250 ग्रॅम, 5 टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर 250 मिली, मीठ 15 ग्रॅम. व्हिनेगर-मीठ उकळून, गॅस बंद करून, मिरची घातलेल्या काचेच्या बरणीत ओता. उकळत्या व्हिनेगरमध्ये मिरची टाकू नका. ती वाफ डोळे उघडू देत नाही. फ्रिजमध्ये वर्षभर. उरलेलं व्हिनेगर फेकू नका, थेंबभर घातलं तरी कोशिंबिरीला चव येते.

दुसरी आंबवण्याची, आणि चवीला हीच सरस. नुसती जोलोकिया नको: 100 ग्रॅम जोलोकिया, 400 ग्रॅम गाजर किंवा लाल ढोबळी मिरची, एकूण वजनाच्या 3 टक्के म्हणजे 15 ग्रॅम मीठ, भरड वाटून काचेच्या बरणीत. वर चार बोटं जागा सोडा. हिवाळ्यात दहा ते पंधरा दिवस. रोज झाकण किंचित सैल करून वायू सोडायचा, तोंड दूर ठेवून, कारण फसकन शिंतोडे उडतात. उन्हाळ्यात 40 अंशांवर हे काम घेऊ नका, आंबण्याआधीच लगदा होतो. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काढून टाका, पण केसाळ, हिरवी-काळी बुरशी आली तर सगळंच टाका. शेवटी दहावा हिस्सा व्हिनेगर घालून वाटा, सामूच्या कागदी पट्टीने 4 च्या आसपास आहे ना बघा आणि फ्रिजमध्ये ठेवा. लिंबाच्या लोणच्याचंही तसंच: एक किलो लिंबांना 180 ग्रॅम मीठ आणि चिरून दोन, फार तर तीन मिरच्या. आंबट आणि खारट दोन्ही असल्याने ते आपोआप टिकतं, आणि लिंबाच्या सालीचा वास जोलोकियाच्या वासाशी जुळतो.

स्वयंपाकात कुठे घालावी? माझ्या मते काळ्या मसाल्यात अजिबात नाही. भाजलेलं खोबरं, कांदा, खडा मसाला यांत तिचा वास मरतो, आणि ती भाजायला गेलात तर घर रिकामं करावं लागतं. सुकी असो की ओली, ही मिरची तव्यावर कोरडी भाजायची नाही आणि कडकडीत तेलात टाकायची नाही. फोडणी द्यायचीच तर आधी कांदा-लसूण शिजू द्या, पाणी किंवा रस घाला, आणि त्या ओलाव्यात घाला. जिथे आंबट आहे तिथे ती शोभते: फुणक्यांबरोबरची कढी, चिंचेचं वरण, कैरी.

शेवभाजीचा हिशेब देतो. चार माणसांच्या रश्श्याला दोन चमचे तिखट घालत असाल तर दोन चमचे ब्याडगी किंवा काश्मिरी रंगाला, आणि अर्धा चमचा बांधणी तिखटाला. तिखटपणा नेहमीएवढाच येतो. मात्र एक लक्षात ठेवा: कॅप्सेसिन तेलात असतं आणि तेल वर तरंगतं. पहिली वाटी वरून तर्रीची घेतली त्याला दुप्पट तिखट जातं, तळातली वाटी फिकी लागते. पाहुणे असले की वाढताना प्रत्येक डाव ढवळून घ्या. भाजी हाताबाहेर गेली असेल तर पहिला उपायही हाच: वरची तर्री डावाने काढून वेगळी ठेवा, बरंचसं तिखट तिच्यातच गेलेलं असतं. मग दाण्याचं कूट, खोबरं किंवा दही, आणि गुळाचा खडा. बटाटा तिखट शोषत नाही; तो फक्त भाजीचं प्रमाण वाढवतो, आणि तेवढाच त्याचा उपयोग.

भरिताला एक किलो वांग्यांना एका ओल्या जोलोकियाचा तिसरा हिस्सा, दोन ग्रॅम, तोही गाभा काढून. वांगी आणि लसूण ठेचून झाल्यावर, तेल तापवून गॅस बंद करून जरा निवल्यावर त्यात तो किसून घाला आणि ते तेल भरितावर ओता. भरीत ठेचायच्या लाकडी बडजीत ही मिरची ठेचू नका. लाकडात तेल मुरतं, आणि पुढचं सगळ्यांसाठी केलेलं भरीत कारण नसताना तिखट होतं. दगडी खलाचंही तसंच, तो निदान मीठ घासून थोडाफार स्वच्छ होतो.

डाळगंडोरी किंवा साध्या वरणाला सोपी युक्ती आहे. अख्खी, चिरा न गेलेली, डेठासकट मिरची घ्या, डेठाला दोरा बांधा आणि उकळत्या वरणात तीन मिनिटं सोडून काढून घ्या. वास भरपूर येतो, तिखट बेताचं. पण घोटणी लावायच्या आधी काढली पाहिजे. आत फुटली तर त्या वरणात आणखी तेवढंच वरण शिजवून मिसळण्यावाचून मार्ग नाही. म्हणून फ्रीजरमधली मऊ पडलेली मिरची या कामाला घेऊ नका, ताजीच हवी.

ठेच्याला: भाजलेले दाणे 100 ग्रॅम, लसणाच्या दहा पाकळ्या, कमी तिखट हिरव्या मिरच्या 100 ग्रॅम, मीठ, तेल दोन चमचे. हे सगळं नेहमीसारखं तव्यावर परतून खलात कुटा आणि अगदी शेवटी गाभा काढलेली अर्धी जोलोकिया कच्चीच घाला. कळण्याच्या भाकरीबरोबर बोराएवढा ठेचा पुरतो. लहान मुलं, मूळव्याध किंवा पोटाच्या व्रणाचा त्रास असलेले, दमेकरी यांच्यासाठी ठेचा वेगळा काढून ठेवा, ताटात न विचारता वाढू नका. खाल्ल्यावर कोणाला छातीत दुखलं, श्वास लागला किंवा उलट्या थांबेनात तर दह्यावर वेळ घालवू नका, दवाखान्यात न्या.

राहिले डेठ आणि गाभे. चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका, धुराने गल्ली खोकेल. गाईच्या घमेल्यातही नको. पाखरांना मिरची तिखट लागत नाही, पण गाई-म्हशींना लागते. कुंडीच्या मातीत वीतभर खोल पुरून टाका. पुढच्या जुलैसाठी बी धरायचं असेल तर ते वाळवणातल्या सर्वांत चांगल्या दोन मिरच्यांतून, मोजे घालूनच वेगळं काढा आणि कागदाच्या पुडीत ठेवा, फ्रीजरमधल्या ओल्या मिरचीतून काढू नका.